कर्वे कुटुंबातील सार्वजनिक कार्य आणि गृहव्यवस्था : एक ऐतिहासिक मागोवा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात पगारी नोकरी करणारा सुशिक्षित मध्यमवर्ग उदयास आला आणि त्याच्याबरोबर एक नवा प्रश्नही आला. शेती, भिक्षुकी किंवा दुकानदारी यांत घर आणि काम यांच्यामध्ये ठळक सीमारेषा नव्हती. शाळा, कचेरी आणि कॉलेज यांनी ती आखली. त्यात सार्वजनिक कार्याची भर पडली, तेव्हा नोकरी, समाजकार्य आणि संसार असे तीन वाटेकरी एकाच माणसाच्या वेळेवर हक्क सांगू लागले. सुधारकांच्या चरित्रांत यांपैकी तिसऱ्या वाटेकऱ्याचा उल्लेख बहुधा ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ एवढ्या वाक्यात आटोपतो. ती साथ म्हणजे प्रत्यक्षात किती आणि कोणते काम, याचा हिशेब सहसा उपलब्ध नसतो.

धोंडो केशव कर्वे यांचे कुटुंब याला अपवाद आहे. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तर त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये. एकाच संसाराच्या या दोन साक्षी आहेत आणि त्या सर्वत्र जुळत नाहीत. प्रस्तुत लेखात त्या आधारे या कुटुंबाच्या गृहव्यवस्थेचा विचार केला आहे.

कर्वे १८८४ मध्ये बी.ए. झाले. मुंबईत शाळांतील तास आणि खाजगी शिकवण्या यांत त्यांचा दिवस जाई. १८९१ मध्ये प्रथम पत्नी राधाबाईंचे निधन झाले. मुलगा रघुनाथ त्या वेळी नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी, टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यामुळे गणिताची जागा रिकामी असल्याने, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले. सोसायटीचे आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्यास बांधलेले असत. या त्यागाचे कौतुक रास्तच आहे. मात्र पगार जेथे ठरवून कमी घेतला जातो, तेथे घरखर्चाची तोंडमिळवणी कोणाला तरी करावीच लागते, हा त्याच निर्णयाचा दुसरा अर्धा भाग इतिहासलेखनात क्वचितच येतो.

११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजेच पुढील आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला. त्या बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. मुरूडच्या ग्रामस्थांनी या विवाहाबद्दल बहिष्कार घातला. संसार सुरू झाला तो असा, आप्तांच्या आधारावाचून. बाळंतपण, आजारपण, सणवार या प्रसंगी एकत्र कुटुंबात जे हात सहज मिळतात, ते या घरात नव्हते.

१८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचे, संध्याकाळी सामानसुमान घेऊन सुमारे चार मैल पायी हिंगण्यास जायचे आणि सकाळी परतायचे, असा कर्व्यांचा क्रम दीर्घकाळ चालला. सुट्ट्या वर्गणीसाठी केलेल्या दौऱ्यांत जात. हा दिनक्रम महाराष्ट्रात दंतकथेसारखा सांगितला जातो. परंतु त्यातील रात्री कोठे गेल्या हे पाहिले, तर शहरातील घर बहुतांशी एकट्या बायांवर होते हे स्पष्ट होते.

बायांना हिंगण्यास बिऱ्हाड का हलवता आले नाही, याचे उत्तर या प्रकरणाचा गाभा आहे. आश्रमात विधवांचे शिक्षण होते; पुनर्विवाहाचा पुरस्कार कर्व्यांनी आश्रमापासून कटाक्षाने अलग ठेवला होता. पुनर्विवाहित स्त्री आश्रमात वावरू लागली, तर पालक मुलींना पाठवणार नाहीत, ही भीती होती आणि ती निराधार नव्हती. परिणामी ज्या स्त्रीशी विवाह करून कर्व्यांनी सुधारणेचा आरंभ केला, तिलाच त्यांच्या संस्थेपासून बरीच वर्षे दूर राहावे लागले. डावपेच म्हणून हा निर्णय योग्य ठरला. त्याविना आश्रम वाढला नसता. पण त्याची किंमत संस्थेच्या जमाखर्चात कोठेही दिसत नाही.

पैशांचेही तसेच. कर्व्यांनी आपली शिल्लक आश्रमाला दिलीच, शिवाय पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. बायांना हे रुचले नाही. मुले लहान होती आणि पॉलिसी हाच काय तो भविष्याचा आधार होता. कर्व्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांनी स्वतःसाठी काहीही राखले नाही. परंतु शिल्लक ही केवळ पगारातून होत नसते, ती घरातील काटकसरीतूनही होते. त्या अर्थाने दान दोघांचे होते आणि निर्णय एकाचा.

बायांना येथे केवळ सोसणारी स्त्री म्हणून पाहणे मात्र चुकीचे ठरेल. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीच्या कामाचे शिक्षण घेतले. स्वतःची मिळकत असावी हा विचार त्या काळी किती दुर्मीळ होता, हे वेगळे सांगावयास नको. ‘माझे पुराण’मधील त्यांचा स्वर तक्रारखोर नाही, पण मुका नक्कीच नाही. महर्षी म्हणून पूजल्या गेलेल्या पतीविषयी इतक्या मोकळेपणाने लिहिणारी पत्नी आपल्या चरित्रवाङ्मयात विरळाच.

पुढील पिढीत चित्र पालटले, तेही सरळ रेषेत नव्हे. पुत्र दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई १९२८ मध्ये मानवशास्त्राच्या अध्ययनासाठी जर्मनीस निघाल्या, तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांची त्यास अनुकूलता नव्हती. दिनकररावांनी पाठिंबा दिला आणि १९३० मध्ये इरावतीबाईंनी बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजमापांसाठी गावोगावी भटकंती, तीन मुले आणि ‘युगान्त’सारखे लेखन, हे सारे एका आयुष्यात बसले, कारण घरातील व्यवहाराची पुष्कळशी कामे दिनकररावांनी आपली मानली. एका प्राचार्याने तसे करणे त्या काळच्या पुण्यात रूढ नव्हते. मुलांनी आईवडिलांना ‘इरू’ आणि ‘दिनू’ अशी हाक मारावी, यातही त्या घराची वेगळी रीत दिसते.

दिनकरराव ज्या घरात वाढले, तेथे वडील बहुधा हिंगण्याच्या वाटेवर असत आणि आई घर सांभाळी. त्यांच्या वागण्यामागे बालपणीचे हे पाहणे होते काय, हे केवळ अनुमानच ठरेल. परंतु एक गोष्ट नोंदलेली आहे. महर्षींच्या निधनानंतरच्या वर्षी, १९६३ मध्ये, त्यांनी महाराष्ट्रीय कुटुंबांतील आत्मकथनांचा ‘द न्यू ब्राह्मिन्स’ हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्यात वडिलांच्या आत्मकथनाबरोबर त्यांनी आईचेही आत्मकथन स्वतः अनुवादून घातले आहे.