‘सेवेशी संबंध नाही’: पेन्शनच्या फाइलीतल्या एका शेऱ्याचा इतिहास

तुमच्या घरात किंवा वाडीत मेडिकल बोर्डावरून घरी पाठवलेले माजी सैनिक असतील, तर त्यांच्या ट्रंकेतल्या पेन्शनच्या कागदांत एक ओळ शोधा: आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. तिच्या आसपास बऱ्याचदा एक शब्द असतो, ‘कॉन्स्टिट्युशनल’. संविधानाशी त्याचा काही संबंध नाही. आजार मुळात त्या माणसाच्या प्रकृतीतच होता, असा त्याचा अर्थ. या ओळीमुळे डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली जाते, आणि मनाच्या आजारात ती फार सहज लिहिली जाते.

कुडाळ, सावंतवाडी, आंबोली या पट्ट्यातून मुलं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेली. घाट चढला की पुढे बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र. पाय गमावून आलेल्या जवानाला गाव लगेच ओळखतं. पण रात्री दचकून उठणारा, फटाके वाजले की माडांच्या बागेत जाऊन बसणारा, बायकोमुलांवर खेकसणारा माणूस ‘मिल्ट्रीतसून इलो तेवापासून असोच आसा’ एवढ्यावर निकालात निघतो.

डॉक्टरांनाही हा आजार ओळखायला शतकाहून जास्त काळ लागला. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड आणि धाप पाहून जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये दोष हृदयाकडे दिला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्था बिघडते असा तेव्हा समज होता, पण गोळ्याच्या जवळपासही न गेलेल्या सैनिकांत तीच लक्षणं दिसू लागली. मग संशय सुरू झाला: हा आजारी की भित्रा? (या इतिहासात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचंही नाव आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. त्यांच्या भाषेत भ्रमिष्ट माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणत. देवळाली, आणि पुढे आपलाच ‘ताप’.)

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० मध्ये ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, हे निदान स्वीकारलं. भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, झोप उडणं, सतत सावध राहणं, आणि हे सगळं महिन्याहून अधिक टिकणं. पेन्शनच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं वेगळंच आहे. या आजाराच्या व्याख्येतच कारण बाहेर आहे. घटना मान्य केल्याशिवाय हे निदान करताच येत नाही, आणि निदान केलं तर ‘प्रकृतीतच होतं’ असं म्हणणं अवघड होतं. कागदावर मात्र ‘न्यूरोसिस’, ‘नैराश्य’ किंवा नुसतं ‘दारूचं व्यसन’ असं लिहिलेलं असू शकतं. हे शेवटचं सर्वांत घातक. दारूच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ती सैनिकाच्या स्वतःच्या ताब्यातली गोष्ट, असं नियम म्हणतो. झोप लागावी म्हणून पिणाऱ्या माणसाचा मूळ आजार त्या शेऱ्याखाली गाडला जातो.

आपल्याकडचा मूळ नियम १९६१ च्या पेन्शन विनियमांतला: अपंगत्व सेवेमुळे झालेलं किंवा वाढलेलं हवं आणि किमान २० टक्के हवं. १९८२ च्या नियमांनी सैनिकाच्या बाजूने मोठी गोष्ट केली. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस शरीराने आणि मनाने धडधाकट होता असं धरायचं. सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही. शंकेचा फायदा त्याला द्यायचा. व्यवहारात मात्र बोर्डाने मान्य केलेला दावाही पेन्शन खात्याचे लेखाधिकारी खोडत. सैनिकाला पुन्हा न तपासता असं करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९३ मध्ये सांगावं लागलं.

जुलै २०१३ चा धरमवीर सिंग निकाल वकील आजही पहिला पुढे ठेवतात. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फेफऱ्याच्या आजाराने घरी पाठवलेल्या सैनिकाचं ते प्रकरण होतं. बोर्डाने ‘कॉन्स्टिट्युशनल’ म्हटलं. न्यायालयाने भरतीच्या वेळची कोरी नोंद पाहिली आणि पेन्शन दिली. पण मनाच्या आजाराला हा न्याय सरळ लागला नाही. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात न्यायालय म्हणालं की असे आजार भरतीच्या तपासणीत दिसतच नाहीत, आणि दावा फेटाळला. वैद्यकीयदृष्ट्या त्यात तथ्य आहे. तरी ‘तेव्हा दिसला नसता’ म्हणजे ‘तेव्हा होताच’ असं होत नाही, आणि माझ्या मते गोंधळ इथेच आहे. मे २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियाच्याच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने ठणकावलं: बोर्डाने कारणं लिहिली पाहिजेत, कारणांशिवायच्या मतावर पेन्शन नाकारता येणार नाही.

म्हणून अपील करताना आधी बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मिळवा आणि ‘का’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे का ते पाहा. निवृत्तीची तारीखही पाहा, कारण २००८ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये नियम बदलले. पहिलं अपील सहा महिन्यांत, मग दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. ते २००९ पासून सुरू आहे आणि त्याचं एक पीठ मुंबईत आहे. त्याआधी सैनिकाला उच्च न्यायालयात रिट करावी लागे. उशीर झाला असला तरी विलंब माफीचा अर्ज करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागद भरायला मदत करतं.

पोस्टिंग कुठे होतं ते तारखांसह लिहून काढा. सैन्यातल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत बंडखोरीविरोधी मोहिमा, एकाकी चौक्या, भूकंप-त्सुनामीनंतर मृतदेहांजवळ केलेलं काम, यांनंतर आलेला मानसिक आजार सेवेमुळे मानता येतो, असं म्हटलं आहे. तुमच्या डॉक्टरांनाही केस पेपरवर नुसतं ‘झोप नाही’ लिहू देऊ नका. कधीपासून, कोणत्या प्रसंगानंतर, दारू आधी आली की झोप आधी गेली, हे नोंदवून घ्या. घरच्यांचं म्हणणंही लिहून जोडा, रात्री शेजारी तेच असतात.

उपचार मात्र निकालासाठी थांबवू नका. आघाताला धरून दिलेलं समुपदेशन आणि काही औषधं या आजारात चांगली लागू पडतात, वर्षं उलटली तरी. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे.