प्रकाशतंतूतील ध्रुवीकरणाचे नियंत्रण

‘ध्रुवीकरण’ हा शब्द वृत्तपत्रांच्या वाचकांना बहुधा निवडणुकीच्या बातम्यांतून परिचित असतो. भौतिकशास्त्रात त्याचा अर्थ निराळा आहे. प्रकाशलहरीतील विद्युतक्षेत्राचे कंपन प्रवासाच्या दिशेशी काटकोनात होते. हे कंपन एकाच प्रतलात किंवा ठरावीक रीतीने फिरत होत असेल, तर तो प्रकाश ध्रुवित समजला जातो. दूरसंचारातील लेझरचा प्रकाश असाच असतो.

काचतंतूत शिरताना असलेली कंपनाची दिशा बाहेर पडताना मात्र कायम राहत नाही. तंतूचा प्रकाशवाहक गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटर रुंद असतो. तो अचूक वर्तुळाकार नसतो. शिवाय तो वाकतो, दाबला जातो, तापतो. त्यामुळे परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन कंपनांचा वेग किंचित भिन्न होतो. यास द्विअपवर्तन म्हणतात. जमिनीखालील केबलमध्ये हा बदल संथ असतो. खांबांवरून नेलेल्या केबलमध्ये ऊन-वाऱ्याबरोबर तो वेगाने होतो. उच्चदाब वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांवर सर्वांत वर असलेल्या भूतारेतही प्रकाशतंतू बसविले जातात. तेथे वीज कोसळल्यास प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवीकरण सेकंदाला लाखो रेडियन इतक्या वेगाने फिरू शकते. मृगाच्या आधीच्या विजा अनुभवणाऱ्या लातूर-नांदेडकरांना या संकटाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे तीन पात्यांचा नियंत्रक. त्याची रचना हर्वे लफेव्र यांनी १९८०मध्ये मांडली. प्रत्येक पात्यावर तंतूची वेटोळी असतात. वाकविल्यामुळे निर्माण होणारे द्विअपवर्तन, जे एरवी दोष ठरते, तेच येथे कामाला लावले जाते. पहिले व तिसरे पाते पाव तरंगलांबीचा, तर मधले अर्ध्या तरंगलांबीचा फरक पाडते. पाती फिरवून हवे ते ध्रुवीकरण मिळविता येते आणि प्रकाश तंतूबाहेर काढावाही लागत नाही. हाताने फिरविण्याऐवजी तंतू विद्युतदाबाने चिमटणारे स्वयंचलित नियंत्रकही आहेत. दुसरा मार्ग म्हणजे गाभ्याच्या दोन्ही बाजूंना ताण देणाऱ्या काड्या घातलेला विशेष तंतू. त्याचा छेद पांडाच्या तोंडासारखा दिसतो, म्हणून त्याचे नावही ‘पांडा’! दिशादर्शक जायरोस्कोपमध्ये तो वापरला जातो. लांब पल्ल्याच्या वाहिन्यांसाठी मात्र तो परवडत नाही. तेथे सुमारे २०१०पासून ग्राहकयंत्रातील चिपच गणिताने ही गुंतागुंत सोडविते. इतकेच नव्हे, तर काटकोनातील दोन ध्रुवीकरणांवर दोन स्वतंत्र संदेश पाठवून क्षमता दुप्पट केली जाते.

नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेतील लायगो वेधशाळांत मुख्य लेझरचा थोडा प्रकाश तंतूतून भुजेच्या टोकापर्यंत नेला जातो व तेथील दुय्यम लेझरशी जुळविला जातो. दोहोंचे ध्रुवीकरण काटकोनात गेले, तर तुलनेसाठी लागणारा संकेतच नाहीसा होतो. त्यामुळे तेथे नियंत्रकाला पर्याय नाही.

अभियंत्यांना नकोसा असलेला हा बदल भूकंपशास्त्रज्ञांना मात्र उपयोगी पडला आहे. लॉस एंजेलिस ते चिलीतील वाल्पाराइसो या सुमारे १० हजार किलोमीटरच्या ‘क्युरी’ सागरी केबलमधील ध्रुवीकरणाच्या नोंदींतून कॅलटेक व गुगलच्या संशोधकांनी सुमारे २० भूकंप ओळखले. २०२१मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. त्यासाठी केबलला कोणतेही नवे उपकरण जोडावे लागले नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला आणि २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. अशा प्रदेशात हे तंत्र चालेल का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. भूकंपाचे भाकीत त्यातून होत नाही. केवळ धक्क्याची नोंद होते. समुद्रतळ शांत असतो, जमिनीवर मात्र ट्रक, रेल्वे, वारा व तापमान यांच्या खुणा त्याच संकेतात मिसळतात. तरीही ग्राहकयंत्रातील चिप ध्रुवीकरणाचा हिशेब क्षणोक्षणी करतच असते. संदेश सुटा झाला की तो हिशेब बहुतेक ठिकाणी टाकून दिला जातो.