गाडीतलं झिजलेलं लेदर आणि लाकडी ट्रिम: काय दुरुस्त होतं, काय होत नाही आणि ते कसं करायचं?

गाडी सात-आठ वर्षांची झाली की इंजिनाच्या आधी तिचं इंटिरियर वय सांगायला लागतं. ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड सोलवटते, स्टिअरिंग हाताच्या घामाने चकाकायला लागतं, गिअरच्या बाजूच्या लाकडी पट्टीचं पॉलिश तडकतं. मग आपण ऑनलाइन ‘लेदर रिपेअर किट’ची बाटली मागवतो. लावल्यावर महिनाभर छान दिसतं आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे निघायला लागतात.

बहुतेक वेळा बाटली वाईट नसते. ती चुकीच्या मटेरियलवर किंवा चुकीच्या हवामानात लावलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये बग नक्की कुठल्या लेयरमध्ये आहे हे कळल्याशिवाय कोडला हात लावत नाहीत. इथेही तेच आहे. म्हणून या लेखात आधी ओळख, मग दुरुस्ती असा क्रम घेतला आहे. उदाहरणं बांदा-सावंतवाडी पट्ट्यातली आहेत, पण कोकण आणि गोव्यातल्या कुठल्याही गाडीला ती लागू पडतात.

झिजतं ते चामडं नाही, वरचा थर

गाडीच्या सीटचं खरं लेदर साधारण १ ते १.४ मिलिमीटर जाड असतं. आपल्याला दिसतो तो रंग मात्र चामड्याचा नसतो. चामड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर. हे सगळं मिळून मिलिमीटरच्या काही शतांशांएवढंच असतं. रोज उतरता-बसताना जीन्स घासते ती या थरावर.

लाकडी ट्रिमचंही तसंच. बोटाला लागतं ते लाकूड नसून त्यावरचं लॅकर असतं. ओरखडा लॅकरमध्ये आहे की खालच्या लाकडात, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

थोडक्यात, घरच्या घरी दुरुस्त होतो तो वरचा थर. खालचं मटेरियलच गेलं असेल तर बाटलीने काम होत नाही.

तुमच्या सीटवर नक्की काय आहे?

ब्रोशरमध्ये ‘लेदर फिनिश’ किंवा ‘लेदरेट’ लिहिलं असेल तर ते चामडं नाही. ‘लेदर सीट’ असं लिहिलेल्या बऱ्याच गाड्यांतही फक्त बसायचा मधला भाग लेदरचा असतो, बाजू आणि पाठ कृत्रिम असते.

ओळखायची सोपी पद्धत म्हणजे उलटी बाजू पाहणं. सीटच्या खालून किंवा मागच्या चेनमधून कव्हरची कड उलटून बघा.

- मागे लोकरीसारखे, सुटे, गुंतलेले तंतू दिसले तर ते खरं लेदर.
- मागे विणलेलं कापड दिसलं तर ते कृत्रिम. यात दोन प्रकार येतात, पीव्हीसी आणि पीयू.
- पीव्हीसी जाडसर, जड आणि उन्हात चिकट लागतं. यालाच आपण रेक्झिन म्हणतो. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीचं ट्रेडमार्क नाव. तिचं कापड नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेलं असायचं. आज आपल्याकडे मिळणारं रेक्झिन बहुतेक पीव्हीसीचं असतं, नाव मात्र टिकलं.
- पीयू मऊ आणि लेदरच्या जास्त जवळचं दिसतं. ते खराब झालं की पातळ पापुद्रे सुटतात आणि खालचं कापड उघडं पडतं.

पाण्याचा थेंब टाकून लेदर ओळखा, असं बऱ्याच व्हिडिओंत सांगतात. गाडीच्या बाबतीत ही चाचणी फसवी आहे. गाडीतल्या बहुतेक खऱ्या लेदरवर संरक्षक थर असल्यामुळे त्यावरही थेंब तसाच राहतो. थेंब आत शोषला गेला तर एवढंच कळतं, की लेदरवर थर नाही किंवा तो झिजून गेला आहे. काडी पेटवून बघण्याची चाचणी तर करूच नका.

कोकणातली हवा काय करते?

सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. त्यामुळे बंद गाडीत सीटवर पांढरट डाग आणि कुबट वास येतो.

पीयूला दमटपणाचा त्रास वेगळा आहे. पीयूच्या काही प्रकारांत हवेतलं पाणी आणि उष्णता मिळून त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. कपाटात नुसते ठेवलेले स्पोर्ट्स शूज दोन पावसाळ्यांनंतर काढावेत आणि सोलचा चुरा व्हावा, हा अनुभव कोकणात बहुतेक घरांत आहे. तिथे जे होतं तेच पीयू सीटचं होतं. म्हणूनच कमी चाललेल्या गाडीचंही कव्हर सोलतं. मुंबईकर चाकरमान्याची गाडी वर्षभर गावात झाकून ठेवलेली असते आणि गणपतीला दार उघडल्यावर सीट सोललेली दिसते, त्यामागे हेच असू शकतं.

दुरुस्तीसाठी आपल्याकडचा चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाण्यात मिसळलेले रंग दमट हवेत सुकायला वेळ घेतात. साधं लॅकर पावसाळ्यात मारलं तर पांढरट पडतं, हे कुठलाही सुतार सांगेल.

खरं लेदर: दुरुस्तीचे टप्पे

रंग उडालेला, बारीक चिरा पडलेल्या, पण फाटलेलं नसलेल्या लेदरसाठी हा क्रम वापरा.

१. सफाई. लेदर किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे कपडे धुण्याचा साबण किंवा सोडा वापरू नका. लेदर क्लीनर, मऊ ब्रश आणि मायक्रोफायबर कापड पुरे. बुरशी असेल तर आधी गाडी उन्हात, दारं उघडी ठेवून, कोरड्या ब्रशने बाहेर झटका.

२. तेल काढणं. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. आधी लावलेलं पॉलिश, सिलिकॉन, खोबरेल तेल आणि हाताचा घाम शिल्लक असेल तर नवा रंग धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसा. आधी न दिसणाऱ्या जागी तपासा, कारण अल्कोहोल जुना थरही विरघळवू शकतं. सतत सॅनिटायझर लावलेल्या हातांनी स्टिअरिंग लवकर सोलतं ते यामुळेच.

३. घासणं. ६०० ते ८०० नंबरचा पॉलिश पेपर फक्त खडबडीत कडांवर, हलक्या हाताने.

४. भरणं. चिरांमध्ये लवचिक लेदर फिलर पातळ थरांत भरा. प्रत्येक थर सुकल्यावर पुढचा. गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी किंवा झटपट चिकटणारा सुपर ग्लू इथे चालत नाही. ते कडक होतात आणि सीट वाकली की शेजारी नवी चीर पडते.

५. रंग. पाण्यात मिसळणारा लेदर रंग स्पंजने, चार-पाच अगदी पातळ हातांत. ओला आणि सुकलेला रंग वेगळा दिसतो, म्हणून आधी एक ठिपका देऊन, तो सुकवून, दिवसाच्या उजेडात जुळवा.

६. संरक्षक थर. यावाचून रंग कपड्यांना लागतो. मॅट थर घ्या. खूप चमकणारी सीट लगेच ‘रंगवलेली’ दिसते. नंतर किमान एक दिवस त्यावर बसू नका.

फाटलेल्या लेदरमध्ये आधी भोकातून आत कापडाचा तुकडा सरकवायचा, लवचिक गोंदाने दोन्ही कडा त्यावर बसवायच्या आणि मग फिलर. शिवणच उसवली असेल तर ते काम अपहोल्स्ट्रीवाल्याचं.

रेक्झिन आणि पीयू: इथे खर्च आवरा

पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो. उन्हात तो हळूहळू उडून जातो, काचेच्या आतल्या बाजूला तेलकट थर बसतो तो काही प्रमाणात याचाच. मग रेक्झिन कडक होऊन तडकतं. छोटी चीर व्हिनाइल फिलरने भरता येते, पण कडक झालेलं रेक्झिन पुन्हा मऊ होत नाही. लेदर कंडिशनर त्याच्यात शिरतच नाही.

पीयूचे पापुद्रे सुटायला लागले तर दुरुस्ती करू नका. एक जागा रंगवाल, शेजारची सुटेल. अशा वेळी पूर्ण सीट बदलायचीही गरज नसते. चांगला कारागीर शिवण उसवून खराब झालेला तेवढाच पट्टा बदलून देतो. बांदा, सावंतवाडी, कुडाळ किंवा पलीकडे म्हापशात विचारताना ‘सीट कव्हर’ऐवजी ‘पॅनेल बदलून मिळेल का?’ असं विचारा.

लाकडी ट्रिम: लाकूड की छपाई?

यात तीन प्रकार सापडतात.

- प्लॅस्टिकवर छापलेली लाकडाची नक्षी. सर्वात जास्त गाड्यांत हेच असतं.
- खऱ्या लाकडाचा पातळ विनिअर, खाली प्लॅस्टिक, प्लाय किंवा ॲल्युमिनियम आणि वर जाड चकचकीत लॅकर. जुन्या महागड्या सेडानमध्ये हे असतं.
- जवळजवळ लॅकर नसलेलं, हाताला रेषा लागणारं मॅट लाकूड.

पट्टी काढता आली तर कड आणि मागची बाजू पाहा. दोन दारांवर नक्षी हुबेहूब तीच असेल तर बहुधा छपाई.

बारीक ओरखडे फक्त लॅकरमध्ये असतील तर शक्यतो पट्टी काढून १५००, २०००, ३००० असा वॉटर पेपर पाण्यासोबत फिरवा, मग रबिंग कंपाउंड आणि पॉलिश. एक नियम लक्षात ठेवा: घासताना निघणारं पाणी पांढरट असेल तोवर तुम्ही लॅकरमध्ये आहात. पाण्यात तपकिरी रंग दिसला की लगेच थांबा. छापील पट्टीत त्या क्षणी नक्षी पुसली गेलेली असते आणि ती परत आणता येत नाही.

लॅकर नख अडकण्याइतकं तडकलं असेल तर त्यात पारदर्शक लॅकरचे थेंब भरून, पूर्ण सुकवून, सपाट घासावं लागतं. सगळीकडे तडे असतील तर जुनं लॅकर उतरवून नवं मारणं हाच मार्ग. त्यासाठी हार्डनर मिसळायचं दोन भागांचं पीयू चांगलं. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. उघड्या जागेत आणि योग्य फिल्टरचा मास्क लावूनच हे काम करावं, साधा रुमाल पुरत नाही.

सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे ‘लाखेचं पॉलिश मारून घेऊ का?’ असा प्रश्न इथे साहजिक येतो. लाकडी वस्तूंवर लाख सुंदर दिसते. पण ती साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि त्याआधीच मऊ पडायला लागते. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. त्यामुळे घरातल्या फळीला लाख चालेल, डॅशबोर्डला नाही.

एअरबॅगच्या जागी हात लावण्याआधी

या लेखातला हा भाग वगळू नका. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे आणि बऱ्याच गाड्यांत सीटच्या बाजूलाही एअरबॅग असते.

- सीटच्या कडेला ‘एअरबॅग’चं लेबल असेल तर त्या बाजूच्या शिवणीवर फिलर, गोंद किंवा जाड रंग लावू नका. एअरबॅग उघडताना ती शिवण फाटणं गरजेचं असतं.
- अशा सीटवर साधं, सगळीकडून बंद कव्हर चढवू नका. साइड एअरबॅगसाठी बनवलेलंच कव्हर घ्या.
- स्टिअरिंगचा मधला भाग आणि पॅसेंजरसमोरची पट्टी घरी उघडू नका.
- सीट काढायची असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावू नका.
- स्टिअरिंगला सिलिकॉनचं चमकवणारं पॉलिश नको. हात घसरतो.

गाडीत पुराचं पाणी गेलं असेल तर

ऑगस्ट २०१९ च्या पुरात तेरेखोल नदीचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरलं होतं. अशा पाण्यात सापडलेल्या गाडीची सीट वरून पुसून भागत नाही, कारण पाणी आतल्या स्पंजमध्ये राहतं. सीट बाहेर काढून कव्हर सोडवावं लागतं. लेदर सावलीत, वाऱ्यावर हळू सुकवा. ओलं लेदर कडक उन्हात ठेवलं तर आकसतं आणि कडक होतं. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीजवळ असतं. म्हणून सीटच्या आधी ते सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या. सेकंडहँड गाडी घेतानाही सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आणि गाळ आहे का, हे वाकून बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*लेदरला खोबरेल तेल लावलं तर?*
संरक्षक थर असेल तर तेल आत जात नाही, वर धूळ धरतं. थर नसेल तर डाग पडतो. दोन्हीकडे पुढच्या दुरुस्तीत रंग धरत नाही.

*बूट पॉलिश चालेल?*
नाही. सीट काळी होईल आणि पाठोपाठ पांढरा शर्टही.

*बुरशी परत येऊ नये म्हणून काय करायचं?*
गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा. ओल्या छत्र्या आणि मॅट आत ठेवू नका. पाऊस उघडला की थोडा वेळ दारं उघडी ठेवा. गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकण्यापेक्षा हवा खेळणारी शेड बरी.

*स्वतः करू की कारागिराकडे देऊ?*
रंग उडाला असेल, बारीक चिरा असतील, लॅकरवर ओरखडे असतील तर स्वतः करून बघायला हरकत नाही. फाटलेली शिवण, सुटणारं पीयू, उखडलेला विनिअर आणि एअरबॅगजवळचं काहीही असेल तर कारागीर किंवा सर्व्हिस सेंटर.

किट मागवण्याआधी पाच मिनिटं काढा, सीटची कड उलटून बघा आणि मागे तंतू आहेत की कापड ते ठरवा. कापड आणि वर पापुद्रे दिसले तर किटचे पैसे तेवढा पट्टा बदलण्यासाठी वापरा.