पाच देशांचा बोरा

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या मंडळींना बोरा मिलुतिनोविच हे नाव सांगितलं तर "कोण बुवा हा?" असंच उत्तर येईल. पण हा पठ्ठ्या लागोपाठ पाच फुटबॉल विश्वचषकांत पाच वेगवेगळ्या देशांचा प्रशिक्षक होता. आणि गंमत म्हणजे, त्यातला एकही देश त्याचा स्वतःचा नव्हता!

जन्म १९४४ चा, सर्बियातल्या बाइना बाश्ता गावचा. आई-वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. तिघे भाऊ, तिघेही बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळले. थोरला मिलोश युगोस्लाव्हियाकडून १९५४ आणि १९५८ चे विश्वचषक खेळला. बोराच्या नशिबी खेळाडू म्हणून ते नव्हतं. तो स्वित्झर्लंड, फ्रान्स असा फिरत शेवटी मेक्सिकोच्या पुमास क्लबात पोचला आणि तिथेच प्रशिक्षक झाला.

१९८६ साली यजमान मेक्सिकोला त्याने उपांत्यपूर्व फेरीत नेलं. पश्चिम जर्मनीकडून ते हरले, तेही पेनल्टीवर. १९९० मध्ये पहिल्यांदाच विश्वचषक खेळणाऱ्या चिमुकल्या कोस्टारिकाने स्कॉटलंड आणि स्वीडनला धूळ चारली. १९९४ मध्ये अमेरिकेने कोलंबियाला हरवलं. चौथा संघ पुन्हा मेक्सिकोच व्हायचा, कारण त्यांना त्याने १९९८ च्या स्पर्धेची पात्रता मिळवून दिली होती. पण स्पर्धेआधीच त्याला नारळ मिळाला! मग त्याने नायजेरियाला हाताशी धरलं आणि स्पेनला ३-२ ने हरवलं. चारही संघ गटफेरी पार करून गेले. २००२ मध्ये चीन मात्र तिन्ही सामने हरला, एक गोलही न करता. तरीही २०२६ पर्यंत चीनच्या खात्यावर तेवढा एकच विश्वचषक आहे.

पाहुण्या प्रशिक्षकाचं हे असंच. जिंकला तर जादूगार, नाहीतर परका.

पण मला राहून राहून १९९४ आठवतं. बोरा अमेरिकेच्या बाकावर उभा होता, तेव्हा त्याच्या मायदेशाला स्पर्धेत प्रवेशच नव्हता. युगोस्लाव्हिया फुटला होता, उरलेल्या देशावर १९९२ पासून निर्बंध होते. १९९८ मध्ये युगोस्लाव्हिया परतला, तोवर बोरा नायजेरियाचा झाला होता. दोन्ही संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरले. समोरासमोर आलेच नाहीत.

आले असते, तर कुठल्या राष्ट्रगीताला त्याचे ओठ हलले असते?