सर्पगंधा आणि गुळवेल: झाडपाला 'औषध' कधी होतो? परळच्या केईएममधली दोन संशोधनं काय सांगतात?

'नैसर्गिक आहे, म्हणजे साइड इफेक्ट नाहीत.' काढा, चूर्ण किंवा रस घेताना हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. दुसऱ्या बाजूला 'झाडपाल्यात काही दम नसतो' असं ठामपणे सांगणारेही भेटतात. वनस्पतींमध्ये शरीरावर परिणाम करणारी रसायनं असतात, हे विज्ञानाला मान्य आहे. ती कोणती, किती प्रमाणात आणि कोणत्या रुग्णाला द्यायची, हे मात्र तपासूनच ठरतं.

या तपासणीची दोन महत्त्वाची उदाहरणं मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात घडली आहेत. एक सर्पगंधेचं, दुसरं गुळवेलीचं.

सर्पगंधेचं प्रकरण काय?

सर्पगंधा हे छोटं झुडूप आहे. झोप न येणं, मानसिक आजार, सर्पदंश अशा अनेक तक्रारींवर तिचं मूळ भारतात पूर्वापार वापरलं जात होतं. 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळामुळे रक्तदाब कमी होतो, असं लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळातून 'अजमलीन' हे रसायन वेगळं केलं. हकीम अजमल खान यांच्यावरून त्यांनी हे नाव दिलं होतं.

पण हे संशोधन भारताबाहेर फारसं कुणी वाचलं नव्हतं. ते जगासमोर आणलं केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि निष्कर्ष 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. बहुतेक रुग्णांचा रक्तदाब उतरला होता.

तेव्हा उच्च रक्तदाबावर खात्रीची गोळीच नव्हती. मिठाशिवायचा कडक आहार आणि मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, असे पर्याय होते. त्यामुळे वकिलांच्या लेखाकडे परदेशातल्या डॉक्टरांचं लक्ष गेलं. 1957 मध्ये त्यांना वैद्यकशास्त्रातला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला, 1958 मध्ये पद्मभूषण.

मुळातून गोळी कशी तयार झाली?

सर्पगंधेच्या मुळात 50 हून अधिक अल्कलॉइड्स असतात. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारी, नायट्रोजन असलेली रसायनं. चहातलं कॅफीन किंवा तंबाखूतलं निकोटीन ही त्यांचीच उदाहरणं. यातलं नेमकं काम कोण करतं, हे शोधायला प्रयोगशाळेत एक ठरलेली वाट असते. मुळाचा अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग प्राण्यांवर तपासायचा. ज्या भागाचा परिणाम दिसतो, त्याचे पुन्हा भाग पाडायचे. शेवटी एक शुद्ध रसायन हाती लागेपर्यंत हे चालू ठेवायचं.

स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांना 1952 मध्ये असं रसायन मिळालं. त्याचं नाव रेसरपिन. भारतात 'अॅडेल्फेन' या गोळीतून ते अनेक वर्षं घराघरांत पोहोचलं होतं.

रेसरपिनचा रोजचा डोस साधारण 0.1 ते 0.25 मिलिग्रॅम, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका. मुळात त्याचं प्रमाण जमीन, ऋतू आणि झाडाच्या वयानुसार बदलतं. म्हणून एका चमचा चूर्णात किती रेसरपिन गेलं, हे घरी कळू शकत नाही. गोळीत ते मोजलेलं असतं.

मग रेसरपिन मागे का पडलं?

मज्जातंतूंच्या टोकाशी संदेश पोहोचवणारी रसायनं बारीक पिशव्यांमध्ये साठवलेली असतात. रेसरपिन या पिशव्या भरू देत नाही. त्यामुळे रक्तवाहिन्यांवरचा ताण सैल पडतो आणि रक्तदाब उतरतो. पण तेच काम ते मेंदूतही करतं. तिथले सेरोटोनिन आणि डोपामाइनचे साठेही कमी होतात. नाक चोंदणं, सुस्ती आणि काही रुग्णांमध्ये नैराश्य अशा तक्रारी पुढे आल्या. नंतर जास्त सोयीची औषधं आल्यावर रेसरपिनचा वापर घटला.

या दुष्परिणामातूनही एक मोठा शोध लागला. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं, तेव्हा त्यांची हालचाल थांबली. मग एल-डोपा दिल्यावर ते पुन्हा हलू लागले. पार्किन्सन्स आजारात डोपामाइन कमी पडतं, हे समजण्याची वाट इथून मोकळी झाली. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

औषध म्हणून मागणी वाढल्याचा फटका झाडालाही बसला. मूळ हवं तर अख्खं झाड उपटावं लागतं. आज सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराच्या नियंत्रणाखाली आहे.

गुळवेलीवर केईएममध्ये काय तपासलं गेलं?

पुढची गोष्ट 1980 आणि 90 च्या दशकातली. केईएमच्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. उर्मिला थत्ते आणि त्यांचे सहकारी आयुर्वेदातल्या वनस्पती आधुनिक पद्धतीने तपासत होते. डहाणूकर यांना मराठी वाचक झाडाफुलांवर लिहिणाऱ्या लेखिका म्हणूनही ओळखतात.

या गटाने उंदरांच्या पोटात ई. कोलाय जिवाणूंचा संसर्ग घडवून गुळवेलीच्या अर्काने काय फरक पडतो, ते पाहिलं. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी अर्कामुळे जास्त जोमाने काम करतात, असं दिसलं.

मग प्रश्न रुग्णांपर्यंत आला. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याची भीती असते. डॉ. निर्मला रेगे, शल्यविशारद डॉ. रवी बापट आणि सहकाऱ्यांनी अशा 30 रुग्णांचे दोन गट केले. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला जोडीला गुळवेलीचा मोजलेला अर्क दिला. 1993 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुळवेल न दिलेल्या गटात निम्म्या रुग्णांमध्ये रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेलीच्या गटात एकाही रुग्णात नाही.

निकाल उत्साह वाढवणारा होता, पण रुग्ण फक्त 30 होते. शिवाय ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. 'गुळवेल सगळ्यांनी रोज प्यावी' असा अर्थ त्यातून निघत नाही.

करोनाकाळात काय झालं?

2020 मध्ये 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून गुळवेलीचा काढा घराघरांत सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं आढळलं. 2021 मध्ये त्यांनी हा अहवाल छापला.

आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेलंच नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेलही असते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही गुळवेल आणि यकृताची इजा यांचा संबंध मांडला गेला. मंत्रालय मात्र गुळवेल सुरक्षित असल्याच्या भूमिकेवर कायम राहिलं.

मग खरं काय मानायचं?

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णाला तिला चालना मिळाली तर फायदा होईल. पण ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करण्याकडे झुकलेली असते, त्यांना तीच चालना महागात पडू शकते. यकृताला इजा झालेल्या अनेक रुग्णांमध्ये अशाच 'ऑटोइम्युन' प्रकारची लक्षणं दिसली होती.

घरी काय लक्षात ठेवायचं?

• यकृताचा आजार, थायरॉइड किंवा दुसरा ऑटोइम्युन विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये.
• काढा किंवा चूर्ण सुरू असताना डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज किंवा कमालीचा थकवा जाणवला, तर ते लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावं.
• सर्पगंधेचं मूळ किंवा चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर अजिबातच नाही.
• डॉक्टर 'कोणती औषधं चालू आहेत?' असं विचारतात, तेव्हा काढाही सांगावा. तो वनस्पतीचा असला तरी शरीरासाठी औषधच आहे.