पहिल्या पायरीचे दारिद्र्य

साहसकथेच्या नायकाजवळ पैसे किती आहेत, हा प्रश्न वाचक सहसा विचारीत नाही. राजपुत्र घोड्यावर स्वार होऊन निघतो तेव्हा त्या घोड्याची किंमत, तलवारीला धार लावण्याची मजुरी, वाटेतल्या मुक्कामाचे भाडे या गोष्टी पडद्याआड राहतात. उलट १५५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लासारिल्यो दे तोर्मेस’ या स्पॅनिश कथेत भाकरीचा तुकडा कसा मिळवावा हाच कथाविषय होतो. पण तिचा नायक शूर नाही, तो फक्त तगून राहतो. शौर्य आणि हिशेब एकाच पात्राच्या अंगी आणण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका निराळ्याच प्रकाराने केले. तो प्रकार म्हणजे रोल-प्लेइंग गेम, अर्थात भूमिका घेऊन खेळायचा खेळ. या खेळांत दुबळ्या आणि निर्धन पात्राने प्रारंभी बळ व धन कसे जमवावे, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास येथे आम्ही मांडीत आहोत. हा इतिहास मूलतः मरणाच्या किमतीचा इतिहास आहे, असे आमचे म्हणणे आहे.

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती १,०००. त्यातील पात्राचा जन्म फाशांतून होतो आणि त्याची पुंजीही फाशांतूनच ठरते. तीन फासे टाकायचे, बेरजेला दहाने गुणायचे. म्हणजे ३० ते १८० मोहरा. तलवार १० मोहरांना, कातडी चिलखत १५ ला, पत्र्याचे पूर्ण चिलखत ५० ला. ज्याच्या नशिबी ३० मोहरा आल्या त्याने तलवार आणि कातडी चिलखत घेतले की दोर, मशाली आणि शिधा यांसाठी ५ मोहरा उरतात. नव्या मांत्रिकाची स्थिती आणखी बिकट. त्याला एक मंत्र येतो आणि एकदा उच्चारला की तो विस्मरणात जातो. ही कल्पना जॅक व्हॅन्स यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’मधून आलेली. त्याचे प्राणबळ एका फाशाचे आणि मूळ नियमांत कोणत्याही शस्त्राचा घावही एका फाशाचाच. एका घावात संपणारा माणूस कथेचा नायक व्हायला निघाला आहे, ही या खेळाची मूळ विसंगती होय. त्याचे आकर्षणही तिच्यातच आहे.

या माणसाने बलवान व्हावे कसे? नियम असा की भुयारातून जेवढ्या मोहरा बाहेर आणाल तेवढे अनुभवगुण पदरात पडतील. योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जाण्यासाठी २,००० गुण लागत. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने शत्रुवधाचे गुण फार कमी केले. अगदी सामान्य प्रतीच्या राक्षसामागे १० गुण. म्हणजे २०० राक्षस मारावेत किंवा २,००० मोहरा उचलून आणाव्यात, असा हिशेब झाला. शहाणा खेळाडू काय करील हे सांगायला नको. तो लढाई टाळतो, वाटाघाटी करतो, आमिष दाखवून पहारेकऱ्याला दूर नेतो आणि वेळ पडल्यास पळून जातो. टोल्किन यांच्या १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मध्ये बिल्बो हा चौदाव्या हिश्शाच्या करारावर चोर म्हणून नेमला जातो, योद्धा म्हणून नव्हे, या खेळाचा प्रारंभकाळ त्याच वृत्तीचा आहे. आणखी एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. या नियमांत ओझे मोजण्याचे मापही मोहरच होते. तलवारीचे आणि चिलखताचे वजन इतक्या मोहरांएवढे, असे सांगितले जाई. साहजिकच, जितके धन खांद्यावर तितकी चाल मंद. ज्यामुळे माणूस उद्या बलवान होणार तेच आज त्याला पळू देत नाही.

टेबलाभोवती खेळताना एक पंच असतो. कोणी फारच निर्लज्ज युक्ती काढली तर तो भुवई उंचावतो. संगणकाला भुवई नसते. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ प्रणालीवर विद्यार्थ्यांनी हे खेळ संगणकात उतरवायला सुरुवात केली, आणि १९८१ मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा ‘विझर्ड्री’ अॅपल २ या संगणकासाठी बाजारात आला. सहा जणांचा चमू, दहा मजल्यांचे भुयार आणि वर एक गाव. या खेळाइतके मरण महाग क्वचितच कोठे असेल. सगळा चमू मेला तर प्रेते भुयारातच पडून राहतात. घडलेली गोष्ट फ्लॉपीवर लगोलग नोंदली जाते, म्हणून मागे फिरण्याची सोय नाही. देवळात दक्षिणा भरून प्रेत उठवता येते, पण विधी फसला तर राख होते. राखेवरचा विधीही फसला तर ते पात्र कायमचे नाहीसे होते.

अशा खेळात प्रारंभीचे दारिद्र्य जीवघेणे ठरते, आणि त्यातून सुटण्याच्या दोन वाटा खेळाडूंनी शोधल्या. पहिली वाट अशी: प्रत्येक नवे पात्र थोड्या मोहरा घेऊन जन्माला येते. तेव्हा एक पात्र निर्माण करावे, त्याच्या मोहरा आपल्या आवडत्या योद्ध्याच्या हाती द्याव्यात आणि त्या पात्राला यादीतून पुसून टाकावे. मग दुसरे, मग तिसरे. थोड्याच वेळात चमूजवळ उत्तम चिलखते येतात. ज्याला नाव दिले, वंश दिला, स्वभाव दिला, त्याचा उपयोग केवळ थैली म्हणून झाला.

दुसरी वाट अधिक कष्टाची. गावच्या सराईत चांगली खोली घेऊन आठवडे काढले की जखमा भरतात, पण मोहरा खर्च होतात आणि वयही वाढते. घोड्यांच्या पागेत झोपणे फुकट. पागेत जखम भरत नाही, मात्र खर्ची पडलेले मंत्र परत येतात. म्हणून निर्धन चमू असे करतो: पुजारी भुयाराच्या तोंडाशी आपले सगळे उपचारमंत्र सोबत्यांवर खर्च करतो, पागेत गवतावर रात्र काढतो, पुन्हा येऊन पुन्हा उपचार करतो. जखमी सोबती बरे होतात ते एकाच्या श्रमामुळे.

संगणकाच्या लेखी या दोन्ही वाटा सारख्याच वैध आहेत. दोन्हींमुळे चमू सबळ होतो. तरी कथनाच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे, आणि आमच्या मते या विषयाचे मर्म तेथेच आहे. पहिल्या वाटेने गेलेल्या चमूला भूतकाळ नसतो; त्याच्या चिलखतामागे काही पुसलेली नावे असतात आणि तीही कोणाला आठवत नाहीत. दुसऱ्या वाटेच्या चमूला चरित्र असते. पुढे तो आठव्या मजल्यावर पोहोचतो तेव्हा पागेतल्या रात्री त्याच्याबरोबर असतात.

पुढील वळण जपानमध्ये आले. २७ मे १९८६ रोजी युजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ प्रसिद्ध झाला. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या अमेरिकी खेळांचे ऋण त्यावर उघड आहे, पण मरणाचा दर त्याने पार उतरवला. आरंभी राजाकडून १२० नाणी मिळतात. बांबूची काठी १० ला, सोटा ६० ला, तांब्याची तलवार १८० ला. म्हणजे तलवार डोळ्यांसमोर असूनही हातात येत नाही. गावाबाहेर बुळबुळीत ‘स्लाइम’ मारीत, एकेक नाणे साठवीत ती मिळवायची. मात्र नायक पडला तर राजा त्याला पुन्हा उभा करतो. अनुभव तसाच राहतो आणि थैलीतली निम्मी नाणी जातात. १९८१ मध्ये मरण माणूस नेत होते. १९८६ मध्ये ते केवळ निम्मे पैसे नेऊ लागले. धनाने माणसाच्या जागी स्वतःचा बळी दिला. त्यामुळे कौशल्य बेताचे असलेला खेळाडूही चिकाटीच्या जोरावर शेवट गाठू शकला. आणि त्याचबरोबर साहसाचे रूपांतर काहीसे रोजंदारीत झाले.

मूळ अमेरिकी खेळातही हाच प्रवाह दिसतो. मोहरांबद्दल अनुभवगुण देण्याचा नियम १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ऐच्छिक झाला आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत उरला नाही. पैसा आणि बळ वेगळे झाले. हे वेगळेपण २००९ मध्ये हिदेताका मियाझाकी यांच्या ‘डीमन्स सोल्स’ने मोडले. तेथे मारलेल्याचे आत्मे हेच चलन आणि हीच शक्ती. दुकानदारही तेच घेतो आणि बळही त्यांच्याच मोबदल्यात वाढते. मेलात तर सारी पुंजी मरणस्थळी राहते. तेथवर पुन्हा जिवंत पोहोचलात तर तुमची, वाटेत पुन्हा मेलात तर कोणाचीच नाही. १९७४ सालचा तो खांद्यावरचा जड बोजा पस्तीस वर्षांनी असा परत आला. २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये तर एका सोट्यानिशी आणि फळकुटाच्या ढालीनिशी, जवळपास उघड्या अंगाने आरंभ करण्याचा पर्याय आहे, आणि तो आवडीने निवडणारे खेळाडू आहेत.

दारिद्र्य कोणी आवडीने का निवडावे? नायक मोठा आहे हे कादंबरीत लेखक सांगतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. या खेळांत तो मोठा झाला याचा पुरावा खेळाडूपाशीच असतो. कोणत्या रात्री त्याच्याजवळ एकच मशाल उरली होती, कोणत्या दाराशी सोबती गमवावा लागला, हे त्याला ठाऊक असते. आरंभीची टंचाई वगळली तर बळ उरते, पण त्या बळाला अर्थ देणारी स्मृती उरत नाही. कथनशास्त्राच्या अभ्यासकाने या खेळांतील राक्षस आणि जादू क्षणभर बाजूला ठेवून त्यांचे पहिले दोन तास वाचावेत, अशी आमची सूचना आहे. नायक किती मोहरांनी निघाला आणि पडल्यावर त्याच्याकडून काय हिरावले गेले, एवढ्या दोन नोंदींवरून त्या खेळाच्या कर्त्याने माणसाची किंमत काय धरली होती, हे बरेचसे कळते.