आमची पद्मिनी आणि सोलापूरचे शेठ



मागच्या महिन्यात आम्ही आमची १९७८ची पद्मिनी सोलापुराहून पुण्याला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेली. अडीचशे किलोमीटर, दोनदा थांबून, पण आपल्या चाकांवर गेली! तिथे शेजारी एक पॅकार्ड आणि लांबलचक ब्युइक. फोटो काढणाऱ्यांची झुंबड तिकडेच. आमच्या गाडीकडे बघून एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "अरे, ही तर टॅक्सी!" यांचा चेहरा पडला. मला आधी हसू आलं, मग राग आला. ही गाडी तर आपल्या समाजाच्या एका घरातून आलेली.

वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात, दिगंबर जैन दोशी घराण्यात जन्मले. वडील शेठ हिराचंद नेमचंद, 'जैन बोधक'वाले. मुलाने रेल्वेची कंत्राटं घेतली, १९१९ साली सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनीचं जहाज समुद्रात सोडलं, १९४० साली बंगळुरात विमानाचा कारखाना काढला. मोटारीचा कारखाना त्यांना युद्धाआधीपासून हवा होता, पण इंग्रज सरकारने साथ दिली नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. शेठ १९५३ साली गेले. पद्मिनी त्यांनी पाहिलीच नाही. मूळची फियाट ११००डी, तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं १९७४ साली.

त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आमच्या अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नंबर लावला तेव्हा हे पहिलीत होते आणि गाडी आली तेव्हा सातवीत. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगजवळ गिअरचा दांडा, त्यामुळे पुढची सीट सलग. कुंथलगिरीला जाताना पुढे तिघं, मागे पाच, शिवाय दशम्यांचा डबा. उन्हाळ्यात पेट्रोल तापून गाडी मध्येच बंद पडायची. मग सासूबाई ओलं फडकं पंपावर टाकून बसायच्या, तोंडाने णमोकार चालू. फडकं आणि पाण्याची बाटली अजून डिकीत असते, पुण्यालाही होती. प्रदर्शनात एका गृहस्थाने सल्ला दिला, सीटना खरं चामडं लावा, भाव वाढेल. मी म्हटलं, आमचं रेक्झीनच बरं.

पण खरी अडचण घरातच होती. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. भाद्रपदात दशलक्षणात, आकिंचन्य धर्माच्या दिवशी, सासूबाई परिग्रहाची मोजणी करायला बसल्या. साड्या झाल्या, भांडी झाली. मग म्हणाल्या, "बाहेर उभी आहे ती काय? गरज, का मोह?" कुणी बोललं नाही. दर पाच वर्षांनी नोंदणीचा खर्च, सुटे भाग शोधत हिंडणं, आणि वापर महिन्यातून एकदा. लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने गाड्या देणारा एकजण चांगली किंमत सांगून गेला होता. यांना विकायची नव्हती आणि आईंपुढे तसं म्हणवतही नव्हतं. मला तर दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत. पुण्याला न्यायचं ठरलं ते 'शेवटचं एकदा' म्हणून.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक म्हातारे गृहस्थ आले. मुंबईत तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवलेली. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली, त्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपली विकली होती. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "एकदा गिअर टाकू का?" सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी स्वतः दार उघडून दिलं. गाडी जागीच उभी, पण त्यांनी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे सगळे गिअर टाकून बघितले. तेवढ्यात 'टॅक्सी' म्हणणारा तो मुलगा परत आला आणि खिडकीशी वाकून दांडा कसा फिरतो ते बघत राहिला.

परतताना इंदापूरला चहाला थांबलो. वालचंदनगर तिथून जवळच. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग यांना म्हणाल्या, "महावीर जयंतीच्या मिरवणुकीत अण्णा गाडी काढायचे ना? यंदा काढ. त्या माणसाला सांग, चैत्रानंतर बोलू."

बॅटरी काल चार्जिंगला दिली आहे.